खुळ्यांचा जमाखर्च

सोलापुरात आमच्या गल्लीत माझ्या आजीला खुळी म्हणत. तोंडावर नाही, पण ती आत वळली की म्हणत. घरी आलेल्या माणसाने कर्जाचा विषय काढला की ती बोलणं अर्धं टाकून उठायची, फडताळातली पितळी परात काढायची आणि तिच्यात मोजून शंभर शेंगदाणे टाकायची. आणखी दाण्यांनी भरलेली एक वाटी त्या माणसाच्या हातात द्यायची आणि आम्हा पोरांना हाक मारायची. आम्ही परातीभोवती मांडी घालून बसायचो. आमचं काम ठरलेलं होतं. आम्ही सावकार.

“परातीत आहे ते तुझं कर्ज,” आजी सांगायची. “वाटीत आहे ती तुझी कमाई. शेकडा पाच म्हणतोय ना तो? मग महिन्याला पाच दाणे दे पोरांना. वाटीतले. परातीला हात लावायचा नाही.”

माणूस अवघडून पाच दाणे द्यायचा. आम्ही खायचो. “चैत्र झाला,” आजी म्हणायची. पुन्हा पाच. “वैशाख झाला.” असं करत वीस महिने मोजायची, मधले सण सांगत, पाऊस सांगत, शाळेच्या फीची आठवण करून देत. विसाव्या महिन्याला आमच्या पोटात शंभर दाणे गेलेले असायचे आणि वाटीचा तळ दिसायला लागलेला असायचा. मग ती परात त्या माणसापुढे सरकवायची. “आता मोज.” तो मोजायचा. शंभरच भरायचे.

आजी कधी शाळेत गेली नव्हती. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कुणाला टक्क्यांत सांगितलं नाही. तिने दाखवलं. मागावर काम करणारे आमचे एक शेजारी मुलीच्या बारशासाठी तीन हजार काढायला निघाले होते. परात बघून ते काही न बोलता उठून गेले. बारसं घरातल्या घरात झालं, वाटीभर सुंठवडा आणि चहा. ती मुलगी आज नर्स आहे.

हा लेख आजीसारख्या खुळ्यांच्या स्तुतीचा आहे. पैसा कसा राखावा, कर्जातून कसं निघावं, चार पैसे मागे कसे टाकावे हे दुसऱ्याला सांगण्यासाठी ज्यांनी लोकांचं हसू ओढवून घेतलं, त्यांची मी मनापासून भक्त आहे. पैशाचं शहाणपण एका घरातून दुसऱ्या घरात जातं ते अशाच माणसांच्या खांद्यावरून, असं माझं मत आहे आणि पन्नाशीपर्यंत जे पाहिलं त्याने ते पक्कंच होत गेलं.

आपल्याकडे पैशाबद्दल बोलायची चोरी आहे. शेजारणीला लोणच्यात किती मीठ घातलं ते विचारता येतं, गुडघ्याचं दुखणं विचारता येतं, सुनेशी पटतं का हेही आडून आडून विचारता येतं. तुझ्यावर कर्ज किती आहे, हे विचारता येत नाही. त्यामुळे ज्याला सल्ला हवा असतो तो विचारत नाही, आणि ज्याला ठाऊक असतं तो आगाऊ ठरेल म्हणून बोलत नाही. मध्यंतरी एका हॉटेलच्या हॉलमध्ये गुंतवणुकीवरचं व्याख्यान ऐकायला गेले होते. बोलणारे गृहस्थ हुशार होते. चक्रवाढ व्याजाचा आलेख पडद्यावर पंचवीस वर्षं चढत गेला. सगळं खरं होतं. माझ्या शेजारी बसलेली बाई मात्र आलेख चढत असताना माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “ताई, माझी पाटली गहाण आहे. आधी ती सोडवू, का हे भरू?”

त्या सभागृहातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तो होता, आणि तो पडद्याकडे गेलाच नाही. उत्तर साधं आहे. ज्या कर्जाचं व्याज गुंतवणुकीवरच्या खात्रीच्या मिळकतीपेक्षा जास्त आहे, ते आधी फेडावं, पाटली आधी. पण हात वर करून हे विचारायचं म्हणजे दोनशे माणसांत गहाणाची गोष्ट उघडी करायची. आजीच्या परातीपुढे तिने हे विचारलं असतं. तिथे समोर बसलेली पोरं दाणे खात असतात. तिथे कुणाची लाज वाटणार?

खुळेपणाने सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याला मान खाली घालायला लावत नाही, कारण सांगणाऱ्याने स्वतःची मान आधीच खाली केलेली असते. गाडगे महाराजांना हे आपल्या कुणाहीपेक्षा जास्त कळलं होतं. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात कशी जाते हे त्याने तरुणपणी डोळ्यांनी पाहिलं. पुढे अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं अशा वेशात तो गावोगाव फिरला. दिवसा गाव झाडायचा, रात्री कीर्तन करायचा. कीर्तनात समोरच्या अडाणी माणसांना प्रश्न विचारायचा, त्यांच्याच तोंडून उत्तरं काढायचा आणि सांगायचा की कर्ज काढून सण करू नका, लग्नात उधळू नका, देवापुढे बोकड कापू नका, ताट मोडलं तरी चालेल पण पोरांना शिकवा. ज्याच्या अंगावर धड कपडा नाही तो पैशाबद्दल बोलतोय, हे शहाण्यांना विचित्र वाटलं असेल. ऐकणाऱ्याला मात्र त्या चिंध्यांतूनच खात्री पटत होती की या माणसाला आपल्याला काही विकायचं नाही. याच माणसाच्या शब्दावर लोकांनी पैसा दिला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. १९५६ च्या डिसेंबरात बाबा गेले. आज आर्थिक सल्ला देणारा माणूस आधी गाडी दाखवतो, मग घड्याळ, मग सल्ला. मला त्या सल्ल्यापेक्षा घड्याळाच्या किमतीची जास्त काळजी वाटते, कारण ती कुणीतरी भरलेली असते.

दुसरा खुळेपणा एका बँकेचा आहे. १९२५ साली उडुपीला आठ हजार रुपयांच्या भांडवलावर एक लहानशी बँक सुरू झाली, पुढे ती सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. १९२८ मध्ये तिने ठरवलं की गरिबाला बँकेत यायचं जमत नसेल तर आपण त्याच्या दारात जायचं आणि रोज दोन आणे घेऊन यायचे. दोन आण्यांसाठी पगारी माणूस दारोदार! कुठल्याही हिशेबनिसाने या योजनेवर काट मारली असती. तिचं नाव पिग्मी, आणि तो शब्द आज सोलापूरच्या भाजीवालीच्या तोंडी मराठी शब्दासारखा रुळला आहे. संध्याकाळी पिग्मीवाला आला की ती पदराची गाठ सोडते. तिला कुणी ‘आधी बचत, मग खर्च’ असं शिकवलेलं नाही. रोज ठरलेल्या वेळी दारात उभा राहणारा तो माणूस हाच तिचा धडा आहे. पिग्मीवर व्याज कमी मिळतं, मुदतीआधी मोडली तर आणखी कमी, हे खरं आहे, आणि ते तिला सांगायलाच हवं. पण जो पैसा संध्याकाळपर्यंत हातात राहिलाच नसता, त्याच्यावरच्या व्याजाची तुलना कशाशी करायची हा प्रश्नही मला पडतो.

आमच्या गल्लीत अशीच एक बाई होती. पोस्टाची एजंट. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ साली सुरू झाली आणि तिच्यामुळे घराघरांतल्या बायका पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करायला बाहेर पडल्या, चार टक्के कमिशनवर. या बाईने एका संक्रांतीला हळदीकुंकवात वाण म्हणून काय लुटावं? पोस्टाचा फॉर्म. हळद, कुंकू, तिळगूळ आणि गुंडाळी करून दोऱ्याने बांधलेला आवर्ती ठेवीचा फॉर्म. त्या काळी महिन्याला दहा रुपयांपासून खातं उघडता यायचं. आता किमान शंभर लागतात. बायका इतक्या हसल्या की पुढे कित्येक महिने ‘फॉर्मवाली’ म्हटलं की कळायचं. काहींनी तो कागद डब्याखाली घातला. माझ्या आईने भरला. रथसप्तमीपर्यंत आणखी सात जणींनी भरला, हे मला आठवतं कारण त्या आठही जणींची पुस्तकं एका पिशवीत घालून मी पोस्टात नेत असे.

पुढच्या वर्षी त्या एजंटबाईंनी उखाण्यांची शर्यत ठेवली. नाव घ्यायचं, पण त्यात पैशाची एक गोष्ट आली पाहिजे. आईचा उखाणा मला अजून पाठ आहे:

पोस्टाच्या पुस्तकात दरमहा टाकते शंभर,
रावांचं नाव घेते, भिशीत माझा शेवटचा नंबर.

शेवटचा नंबर म्हटल्यावर बायका चपापल्या, कारण भिशीत पहिला नंबर लागावा म्हणून सगळ्या देवाला साकडं घालतात. आईने मग तिथेच समजावून सांगितलं. बारा जणी, महिन्याला हजार. पहिल्या महिन्याला जिची चिठ्ठी निघाली तिला बारा हजार मिळाले, पण भरले तिने एकच हजार. म्हणजे अकरा हजारांचं बिनव्याजी कर्ज तिला मैत्रिणींनी दिलं. शेवटच्या चिठ्ठीवालीने अकरा महिने आधी भरलं आणि शेवटी घेतलं. तिने बचत केली, पण व्याज सोडून दिलं. ज्या घरात फी भरायची आहे तिथे पहिला नंबर जावा, ज्या घरात निभतंय तिथे शेवटचा, असं आईचं म्हणणं. त्या वर्षापासून आमच्या भिशीत चिठ्ठी काढायच्या आधी विचारायची पद्धत पडली, “कुणाला नड आहे का?” भिशीला मी कधी कुणाला नावं ठेवू दिली नाहीत. मात्र ती ओळखीच्या उंबऱ्यांपुरतीच असावी. बोली लावून चालणारी, अनोळखी माणसांची, मोठ्या रकमेची भिशी ही वेगळी चीज आहे. तिथे पहिले चौघे उचलून पसार झाले की शेवटच्यांच्या हाती चिठ्ठ्याच उरतात, आणि तक्रार करायला कागद नसतो.

आता म्हसवडची गोष्ट. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, कायमचा दुष्काळी. तिथे चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला. अर्जदारांपैकी अनेक जणींना सही येत नव्हती, अंगठे होते. माघारी येऊन त्या बायका अक्षरं शिकायला बसल्या. आणि पुन्हा जेव्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या तेव्हा त्यांनी एक अचाट गोष्ट केली. आम्हाला लिहिता येत नसेल, पण हिशेब येतो; कोणतंही मुद्दल सांगा, दर सांगा, आम्ही व्याज तोंडी काढून दाखवतो, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, असं त्या म्हणाल्या. रिझर्व्ह बँकेला आव्हान, तेही अंगठेबहाद्दर बायकांचं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. ही गोष्ट वाचते तेव्हा मला १८७५ आठवतं, पुणे जिल्ह्यातलं सुपं आठवतं. तिथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतं हिसकावून जाळली होती. वाचता न येणाऱ्या कागदांवर घेतलेले अंगठे होते ते. अंगठ्यापासून तोंडी व्याजापर्यंतचा हा प्रवास सव्वाशे वर्षांचा आहे आणि तो मला कुठल्याही अर्थसंकल्पापेक्षा मोठा वाटतो.

डब्यांबद्दलही लिहायला हवं. तूरडाळीच्या डब्यात, तांदळाच्या पिंपात, हिंगाच्या रिकाम्या डबीत पैसे ठेवणाऱ्या बायकांना शहाण्या लोकांनी आयुष्यभर शिकवलं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि महाराष्ट्रभर डब्यांची झाकणं उघडली. आमच्या स्वयंपाकघरात आईने चार डबे ओट्यावर पालथे केले. ३७,५०० रुपये निघाले, डाळीचा वास येणारे. वडील खुर्चीत बसून राहिले. त्यांनी चाळीस वर्षं घरखर्चाची वही लिहिली होती, पै न पै, ‘हरवले दोन रुपये’ अशी सुद्धा नोंद असलेली. त्या वहीत हे पैसे कुठेच नव्हते. “कुठून काढलेस?” त्यांनी विचारलं. “तुम्ही भाजीला दिलेले,” आई म्हणाली. मला त्या क्षणी आईचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं, कारण तिची चाळीस वर्षांची गुपचूप शिस्त एका रात्रीत सगळ्यांपुढे मांडावी लागली. अनेक घरांत त्या दिवसांत बायकांना स्वतःच्या साठवणीचा जाब द्यावा लागला. गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाही असं सरकारने सांगितलं होतं. पुढे २०२१ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठानेही अशी रक्कम अघोषित उत्पन्न मानायला नकार दिला. कायद्याने तरी डब्याला बचत म्हटलं.

डबा मात्र मी आईला सोडायला लावला. डब्यातल्या हजार रुपयांची डाळ दहा वर्षांनी निम्मीच येते, हे तिला तिच्याच डाळीच्या भावावरून पटवलं. जुनी किराणा बिलं वडिलांनी वहीला टाचून ठेवली होती. ती मी एकाखाली एक लावली आणि तिला वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी ती बँकेत आली, स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं काढायला. त्या बिलांसाठी वडिलांचे पाय धरावेत असं वाटलं.

हे सगळे खुळे एकीकडे आणि माझी आत्या एकीकडे. या लेखाचं खरं कारण ती आहे.

आत्याने मामांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, निवृत्तीचे एक लाख ऐंशी हजार एका पतसंस्थेत ठेवले. बँकेपेक्षा व्याज जास्त होतं, संचालक ओळखीचे होते, कार्यालयात गेलं की चहा मिळायचा. एके दिवशी गेली तर दाराला कुलूप. पुढची कथा महाराष्ट्रातल्या हजारो घरांना सांगावी लागणार नाही: मोर्चे, अर्ज, तारखा, प्रशासक, आणि हप्त्याहप्त्याने हातात पडणारे थोडेथोडके पैसे. अर्ध्याहून जास्त रक्कम कधी आलीच नाही. मामा त्यातच खचले.

असं घडलं की घरं काय करतात हे सगळ्यांना माहीत आहे. तोंडाला कुलूप लावतात. फायदा झालेला माणूस चौकात सांगतो, बुडालेला माणूस घरात मरतो. त्यामुळे बाहेर ऐकू येतात त्या सगळ्या गोष्टी फायद्याच्या, आणि नवा माणूस त्या ऐकून त्याच दारात जाऊन उभा राहतो. आत्याने कुलूप लावायला नकार दिला. ती सांगत सुटली. लग्नात, मुंजीत, बाराव्याला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला. पंगतीत जिलबी वाढत असताना ती विचारायची, “तुझे पैसे कुठं आहेत? बँकेत की पतसंस्थेत?” नातेवाईक ती आली की उठून दुसऱ्या खोलीत जायचे. “आत्या सुरू झाली,” असं म्हणायचे. माझ्या चुलत भावाने तिला एकदा स्पष्टच सांगितलं की तू घराची अब्रू घालवतेस. आत्या म्हणाली, “अब्रू त्या कुलपाच्या आत गेली. मी ती परत काढतेय.”

आणि ती नुसतं रडगाणं गात नव्हती. तिने माहिती काढली होती. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा देशाला जाग आली आणि १९६२ च्या जानेवारीपासून बँकांतल्या ठेवींना विमा सुरू झाला, सुरुवातीला माणशी १,५०० रुपयांचा. तो वाढत १९९३ मध्ये एक लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाला. हा विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही. पतसंस्थेला नाही. पाटी सारखी दिसते, पासबुक सारखं दिसतं, नावातही ‘सहकारी’ असतं, आणि त्यामुळेच माणूस फसतो. आत्या हा फरक एका वाक्यात सांगायची: “बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा देतो, पतसंस्था बुडाली तर हात जोडायला लागतात.” दुसरं सांगायची ते व्याजाबद्दल. आसपासच्या सगळ्या बँका एक दर देतात आणि एकच जण त्याहून दोन-तीन टक्के जास्त देतो, तेव्हा त्याला आपल्या पैशाची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे, आणि का आहे ते विचारायचं. सगळ्याच पतसंस्था वाईट असं ती कधी म्हणाली नाही. गल्लीतल्या कित्येकांना पतसंस्थेनेच उभं केलं, हे तिला ठाऊक होतं. तिचं म्हणणं एवढंच, की म्हातारपणाचा सगळा पैसा एका दारात ठेवू नका आणि ते दार विम्याचं आहे का ते बघा.

तिने किती जणांना वाचवलं ते मोजता येणार नाही. मला माहीत असलेले तिघे आहेत. त्यातला एक तो चुलत भाऊ, ज्याने अब्रूची भाषा केली होती. आत्याच्या बाराव्याला त्याने हे स्वतःहून सांगितलं. सगळे बसलेले असताना, कुणी विचारलं नसताना, मोठ्याने. आत्या जशी सांगायची अगदी तसंच.

लाज ही अशी वस्तू आहे की ती एकट्याकडे असली की दाबून मारते आणि चारचौघांत वाटली की हलकी होते. आत्याने स्वतःची लाज पंगतीपंगतीत वाटली. तिच्यासाठी पुतळा उभारला पाहिजे असं मला वाटतं, आणि तोही जिथे तिने कुलूप पाहिलं त्या दारासमोर.

आता आजीची परात माझ्याकडे आहे. मागच्या दिवाळीत भाचा आला, नोकरीला लागून सहा महिने झालेला. त्याला मोटारसायकल घ्यायची होती. एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, व्याज फक्त दहा टक्के, ‘फ्लॅट’. महिन्याला ३,६११ रुपये. बँक सांगेल त्यापेक्षा कमी दर मिळाला म्हणून तो खूश होता. मी त्याला सांगितलं की फ्लॅट दहा म्हणजे घटत्या बाकीवर सुमारे अठरा टक्के. त्याने मान हलवली. पडद्यावरच्या आलेखाकडे बघून माणसं हलवतात तशी.

मग मी उठले आणि परात काढली. शंभर दाणे मोजले. वाटी भरून त्याच्या हातात दिली. शेजारची सात वर्षांची मुलगी खेळायला आली होती, तिला सावकार केलं.

“वर्ष पहिलं,” मी म्हटलं. “परातीत शंभर. व्याजाचे दहा दे तिला. आणि मुद्दलाचे ३३ परातीतून काढून बाजूला ठेव.”

त्याने दिले. तिने खाल्ले. परातीत ६७ राहिले.

“वर्ष दुसरं. व्याज दहा. मुद्दलाचे ३३ बाजूला.”

त्याने दिले. तिने खाल्ले, जरा सावकाश. परातीत ३४ राहिले.

“वर्ष तिसरं. व्याज दहा.”

भाच्याने वाटीतून दहा दाणे मोजून तिच्या ओंजळीत ठेवले. तिने ओंजळीकडे बघितलं, परातीकडे बघितलं, आणि परातीतले दाणे बोट लावून मोजले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आजी, यात चौतीसच आहेत. मग मला अजून दहाच का?”

भाच्याने खिशातून फोन काढला आणि शोरूमचा नंबर शोधायला लागला.